अणशीपासून विद्यापीठ किती दूर?

कारवारहून काळी नदीच्या काठाकाठाने कद्र्यापर्यंत जावे आणि तेथून घाट चढू लागावे, की समुद्राचे जग मागे पडते आणि अरण्याचे सुरू होते. घाटमाथ्यावरचे गाव अणशी. १९८७ साली या गावाच्या नावाने राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, २००७ साली दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. देशातील वाघांची गणना दर चार वर्षांनी होते, आणि ती व्हावीही. परंतु या अरण्यातील वाड्यांवरून किती मुले-मुली पदव्युत्तर परीक्षेपर्यंत पोचली आणि त्यांपैकी कितींना विद्यापीठात, शिकविण्याच्या असो वा साहाय्याच्या, जागा मिळाल्या, याची गणना करावी असे कोणाला सुचल्याचे आम्हांला आढळलेले नाही.

अणशी कर्नाटकात, जोयडा तालुक्यात; आमचे वाचक बहुसंख्येने गोव्यात. मग ही चिंता आम्ही का वाहावी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आहे. गोव्याच्या भूमीवर १९६२ पूर्वी कला-विज्ञानाचे पदवी महाविद्यालय नव्हते. त्या वर्षी धेंपे आणि चौगुले ही महाविद्यालये निघाली. त्याआधी ज्या गोमंतकीय तरुणांना उच्च शिक्षण हवे होते, ते मुंबई-पुण्याला गेले, तसेच घाट चढून बेळगाव-धारवाडलाही गेले. त्या गावांनी आमच्या मुलांना आपल्या वर्गांत बसविले, वसतिगृहांत ठेवले. आज आमच्याकडे ताळगावच्या पठारावर विद्यापीठ उभे आहे. घाटावरच्या शेजाऱ्यांच्या मुलांना त्याचे दार कसे दिसते, हे पाहणे म्हणजे जुने ऋण आठवणे होय. शिवाय जी अडचण अणशीच्या मुलीची, तीच थोड्याफार फरकाने काणकोण-सांग्याच्या, सावंतवाडी-दोडामार्गाच्या आणि चंदगडच्या मुलीची आहे.

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्राध्यापक आणि विद्यार्थी एवढेच येतात. वस्तुतः मोठे विद्यापीठ हे एक लहानसे नगरच असते. तेथे सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक अशी शिकविणाऱ्यांची उतरंड असते. त्याबरोबरच परीक्षा विभागातील लिपिक, ग्रंथालयातील सहायक, प्रयोगशाळेतील परिचर, वसतिगृहाचा अधीक्षक, वाहनचालक, वीजतंत्री, शिपाई आणि माळी असतो. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी कागद फक्त वनखात्याकडूनच आला, त्या घरातील एक माणूस प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागला, तर पुढच्या पिढीला त्या प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून शिरण्याची भीती उरत नाही. विद्यापीठातील साहाय्याच्या जागेचे मोल पगारापलीकडचे आहे, ते असे. आमच्या समाजात ज्ञानाच्या घरात जाण्याचा रस्ता पुष्कळदा मागच्या दाराने गेलेला आहे. ते मागचे दार बंद होत असेल, तर पुढच्या दारावर कितीही तोरणे बांधली तरी उपयोग नाही.

अणशीच्या मुलीपुढे आज कोणती दारे आहेत? पहिले धारवाडचे. कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली मुंबई राज्याच्या कायद्याने जन्मले. त्याचे कार्यालय आरंभी मुंबईत होते, ते १९५० साली धारवाडला गेले. उत्तर कन्नड जिल्हा आजही याच विद्यापीठाच्या कक्षेत आहे, आणि कारवारला कोडीबागेत त्याचे पदव्युत्तर केंद्र व सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे. दुसरे दार बेळगावचे. तेथे २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले. तिसरे आमच्या ताळगावचे. गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ सालचा, आणि काम सुरू झाले १९८५ च्या जूनमध्ये. त्यापूर्वी पणजीत मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. चौथे दार कोल्हापूरचे, १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे. नकाशावर पाहिले तर अणशीची मुलगी भाग्यवान वाटावी. चार विद्यापीठांच्या मधोमध तिचे गाव. घरी कोकणी, शाळेत कन्नड, हातात मराठी पुस्तक, आणि पुढे इंग्रजी. एवढ्या भाषा जिला येतात, तिला कोणत्याही विद्यापीठाने आनंदाने बोलावले पाहिजे. प्रत्यक्षात मात्र ही सीमेवरची मुलगी चारही दारांशी थोडी परकी ठरते.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण हवेत. मागासवर्गीय आणि अपंग उमेदवारांना त्यांत पाच टक्क्यांची सूट आहे. त्याशिवाय ‘नेट’ ही राष्ट्रीय परीक्षा किंवा ‘सेट’ ही राज्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नेट साऱ्या देशात चालते. पण भाषाविषय सोडले तर तिची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. कन्नड वा मराठीतून विचार करणाऱ्या मुलांना सेट त्यामानाने जवळची वाटते. परंतु १ जून २००२ नंतर जे सेट उत्तीर्ण झाले, त्यांची पात्रता त्या त्या राज्यापुरतीच राहिली; त्यापूर्वी उत्तीर्ण झालेल्यांची मात्र देशभर मानली जाते. म्हणजे कर्नाटकाची सेट उत्तीर्ण झालेली अणशीची मुलगी कारवारला शिकवू शकते. पण माजाळी ओलांडून पोळ्याला आली, की त्या प्रमाणपत्राच्या बळावर ती शिकविण्यास अपात्र! उलट, महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी पुण्याचे विद्यापीठ एकच सेट घेते, आणि तीत उत्तीर्ण झालेला काणकोणचा मुलगा गडचिरोलीपर्यंत चालतो, पण पलीकडे दिसणाऱ्या कारवारला चालत नाही. अभ्यासक्रम तोच, पातळी तीच, मान्यता देणारा विद्यापीठ अनुदान आयोगही तोच. केवळ एका नाक्याने विद्वत्तेत फरक पडतो, असे मानणारा हा नियम कोणत्या तर्कावर उभा आहे, हे आम्हांला समजलेले नाही.

दुसरी भिंत जातीच्या प्रमाणपत्राची. गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. जोयड्यातील कुणबीही त्याच डोंगराचे, त्याच दैवतांचे आणि बऱ्याच अंशी त्याच बोलीचे; सीमेच्या दोन्ही अंगांना त्यांचे सोयरसंबंध आहेत. पण त्यांची अनुसूचित जमातीची मागणी वर्षानुवर्षे मागणीच राहिली आहे. दोन मावसभावांपैकी एकासाठी राखीव जागा आहे, दुसऱ्यासाठी नाही, आणि यांतील कारण एवढेच, की एकाचे घर ओहोळाच्या अलीकडे आहे! कर्नाटकातील कल्याण कर्नाटक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांना घटनेच्या ३७१ जे या कलमाने नोकऱ्यांत स्थानिकांसाठी वाटा मिळाला. त्या जिल्ह्यांचे मागासलेपण खरे होते आणि तो न्याय योग्यच झाला. पण उत्तर कन्नड त्यांत नाही. अरण्यातील मागासलेपण बहुधा हिरवे दिसते, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

तिसरी आणि सर्वांत उंच भिंत कोणत्याही एका राज्याची नाही. ती साऱ्या देशाच्या उच्च शिक्षणाची आहे, आणि ती म्हणजे कायम जागा न भरणे. केंद्रीय विद्यापीठांतून सहा हजारांहून अधिक अध्यापकांच्या जागा रिकाम्या असल्याचे २०२२ साली संसदेत सांगण्यात आले. जी विद्यापीठे थेट दिल्लीच्या तिजोरीवर चालतात त्यांची ही कथा. मग राज्यांच्या विद्यापीठांची काय असेल, हे सांगावयास नको. जागा रिकामी होते ती निवृत्तीने, एका दिवसात, आणि तो दिवस तीस वर्षे आधीपासून ठाऊक असतो. ती भरायची म्हटली, की वित्तखात्याची मंजुरी, बिंदुनामावलीची तपासणी, जाहिरात, छाननी, निवड समिती आणि शेवटी एखाद्या न्यायालयाची स्थगिती, अशी तिची यात्रा सुरू होते. मध्येच कुलगुरूंची मुदत संपते आणि नवे कुलगुरू जुनी जाहिरात रद्द करतात. यांतील प्रत्येक पायरीला सबळ कारण असते. परंतु सगळ्या कारणांची बेरीज केली तर उत्तर एकच येते, वर्ग रिकामा आणि उमेदवार म्हातारा.

वर्ग पूर्ण रिकामा राहत नाही हे खरे, कारण तेथे अतिथी येतो. महाराष्ट्रात त्याला तासिका तत्त्वावरील प्राध्यापक म्हणतात, कर्नाटकात अतिथी उपन्यासक. आपल्या संस्कृतीत अतिथीला देव मानतात. या अतिथीला मात्र कोणी पाटही मांडत नाही. कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर भत्ते. अतिथीला तासाला १,५०० आणि महिन्याला फार तर ५०,००० रुपये द्यावेत, असे आयोगाने २०१९ साली सांगितले. ती कमाल मर्यादा. प्रत्यक्षात राज्याराज्यांतून हातावर किती पडते ते अतिथींनाच विचारावे. सुटीच्या महिन्यांत तर तेही नाही. पण याहून कठोर गोष्ट वेगळीच आहे. पुढील वरच्या पदासाठी किंवा बढतीसाठी अशी सेवा मोजावयाची, तर त्या काळात उमेदवाराला कायम सहायक प्राध्यापकापेक्षा कमी वेतन मिळालेले नसावे, अशी अट आयोगाच्या २०१८ च्या नियमांत आहे. म्हणजे आधी कमी पगार द्यावयाचा आणि नंतर, तुला पगार कमी होता, म्हणून तुझी दहा वर्षे जमेस धरता येत नाहीत, असे सांगावयाचे. सावकारी पाशातही इतकी सफाई नसते.

नियमांच्या धरसोडीचीही हीच गत. विद्यापीठाच्या विभागांत सहायक प्राध्यापक होण्यासाठी जुलै २०२१ पासून पीएच. डी. सक्तीची होणार, असे २०१८ साली जाहीर झाले. मग ती मुदत जुलै २०२३ पर्यंत लांबली, आणि ती उजाडली तेव्हा सक्तीच मागे घेण्यात आली. जे घाईने प्रबंधामागे लागले, त्यांच्या वर्षांचा हिशेब कोणी करावयाचा? १८ जून २०२४ रोजी नऊ लाखांवर उमेदवारांनी नेट दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती परीक्षा रद्द झाली. शहरातील मुलाला त्यामुळे मनस्ताप झाला. अरण्यातील वाडीवरून, जूनच्या पावसात घाट उतरून, आदल्या दिवशी परीक्षेच्या गावी मुक्कामाला गेलेल्या मुलीचे मात्र हंगामाचे पैसे गेले. नियम सर्वांना सारखा असतो, पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. अंतर जितके अधिक, तितका प्रत्येक अनिश्चिततेचा दंड अधिक. आमच्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. अणशीपासून विद्यापीठाचे अंतर मोजावयाचे तर ते किलोमीटरांत मोजून भागणार नाही. भरती केव्हा होईल, कोणत्या नियमांनी होईल आणि झालेली टिकेल की नाही, याच्या अनिश्चिततेतच ते मोजावे लागेल.

साहाय्याच्या जागांची कथा थोडक्यात सांगता येईल, कारण त्या जागाच थोड्या उरल्या आहेत. शिपाई, माळी, सफाई कामगार, पहारेकरी ही कामे ठिकठिकाणी ठेकेदारांकडे गेली. काम तेच आणि जागाही तीच. पण माणूस विद्यापीठाचा नव्हे, ठेकेदाराचा. ठेका बदलला की चेहरे बदलतात. ठेकेदाराला ना बिंदुनामावली, ना जाहिरात, ना लेखी परीक्षा. त्यामुळे ज्याची ओळख त्याचे काम. खर्च वाचतो हे आम्ही नाकारीत नाही. पण राखीव जागांचा कायदा ज्या पायरीवर सर्वांत अधिक उपयोगी पडत असे, नेमकी तीच पायरी काढून घेतली गेली आहे. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला, तेव्हा श्रम आणि विद्या एकाच अंगणात नांदू शकतात हे त्यांनी सिद्ध केले होते. त्या अंगणात आज ठेकेदाराची पाटी लागली आहे.

या सर्वांवर एक आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. गोव्यात सुशिक्षित बेकार थोडे आहेत काय? मग बाहेरच्यांची वकिली कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गोव्यातील सरकारी नोकऱ्यांच्या जाहिरातींत पंधरा वर्षांच्या वास्तव्याची आणि कोकणीच्या ज्ञानाची अट असते, मराठीचे ज्ञान इष्ट मानले जाते. कर्नाटकात कन्नडचा आग्रह असतो. लोकांच्या कराने चालणाऱ्या संस्थेत लोकांच्या भाषेचा मान राहावा, हे रास्तच आहे. लिपिकाला खेड्यातून आलेल्या पालकाशी त्याच्या भाषेत बोलता आलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच आहे, की अध्यापनाच्या खुल्या जागेसाठी ज्या राष्ट्रीय कसोटीचा उंबरठा आयोगाने ठरविला, तो ओलांडलेल्याला नुसता प्रमाणपत्रावर राज्याचा शिक्का वेगळा म्हणून परत पाठवू नये. आणि हे देणे-घेणे दुहेरी आहे. अणशीच्या मुलीसाठी ताळगावचे दार उघडले, की काणकोणच्या मुलासाठी कारवारचे आणि धारवाडचेही उघडते. लहान राज्याच्या तरुणांना मोठ्या शेजारी राज्यात प्रवेश मिळण्यात अधिक लाभ कोणाचा, याचा विचार आक्षेपकांनी करावा.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, सेटची राज्यबंदी आयोगाने उठवावी. निदान लगतच्या राज्यांच्या सेट एकमेकांनी मान्य कराव्यात. महाराष्ट्र आणि गोवा एकाच परीक्षेत नांदू शकतात, तर कर्नाटकाशी परस्पर मान्यता अशक्य का असावी? दुसरी, प्रत्येक विद्यापीठाने येत्या पाच वर्षांतील निवृत्तींची यादी आणि त्या जागांच्या भरतीचे वेळापत्रक आधीच प्रसिद्ध करावे. लग्नाचा मुहूर्त आपण सहा महिने आधी काढतो. विद्यापीठाच्या जागेचा मुहूर्त आदल्या पंधरवड्यात का कळावा? तिसरी, केंद्रीय विद्यापीठांसाठी मे २०२३ मध्ये आयोगाने ‘सीयू-चयन’ हे भरतीचे एकत्र संकेतस्थळ सुरू केले, तसे राज्यांच्या विद्यापीठांसाठीही व्हावे. आज प्रत्येक विद्यापीठाचा अर्ज निराळा, शुल्क निराळे, आणि संगणकावर भरलेल्या अर्जाची छापील प्रत पुन्हा टपालाने पाठविण्याचा आग्रह कित्येक ठिकाणी अद्याप आहे. जोयड्याच्या रानात जेथे भ्रमणध्वनीची लहर डोंगराच्या माथ्यावर जाऊन शोधावी लागते, तेथे या दुहेरी सोपस्काराचा अर्थ काय होतो, हे एकदा एखाद्या कुलसचिवांनी स्वतः अर्ज भरून पाहावे. चौथी, अतिथींची सेवा वेतनाच्या आकड्यावरून न तोलता शिकविलेल्या तासांवरून मोजावी. आणि पाचवी, साहाय्याच्या कामांपैकी काही भाग तरी ठेक्यातून सोडवून ‘कमवा आणि शिका’ योजनेतील विद्यार्थ्यांना व कायम सेवकांना द्यावा. यांतील एकाही सूचनेला नवी तिजोरी लागत नाही. बहुतेकांना केवळ नवी शिस्त लागते.

तरुण वाचकांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. व्यवस्था सुधारेपर्यंत हातावर हात ठेवून बसणे तुम्हांला परवडणारे नाही. सेट अवश्य द्या, पण नेटचा नाद सोडू नका. आज सीमा ओलांडणारे प्रमाणपत्र तेच आहे. नेटमध्ये वरचे गुण पडून संशोधनवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून तिची रक्कम आरंभी महिन्याला ३७,००० रुपये आहे. गरीब घरच्या मुलाला पीएच. डी. पर्यंत नेणारी तीच एक भक्कम वाट आहे. उमेदवारांची पहिली यादी लावताना विद्यापीठांच्या गुणतक्त्यात पीएच. डी. ला ३० गुण आहेत, नेटला ५ आणि सेटला ३, हेही ध्यानात असू द्या. मात्र अंतिम निवड मुलाखतीवरच होते. म्हणून आपल्या विषयावर कोणासमोरही निर्भयपणे बोलण्याचा सराव आजपासून करा. जाहिरात वाचताना पदाच्या नावावर थांबू नका. खालच्या टिपा, राखीव बिंदू, प्रमाणपत्रांच्या तारखा वाचा, कारण अर्ज बहुधा तेथेच बाद होतात. आणि साहाय्याची जागा मिळाली तर ती कमीपणाची मानू नका. ग्रंथालयातील सहायकाच्या हाताशी जेवढी पुस्तके असतात, तेवढी पुष्कळ प्राध्यापकांच्याही नसतात.

७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री कारवारजवळचा काळी नदीवरील जुना पूल कोसळला. नवा पूल शेजारी उभा होता, म्हणून कारवार आणि गोवा एकमेकांपासून तुटले नाहीत. विद्येच्या वाटेवरचा जुना पूल, म्हणजे घाटावरच्या गावांनी आणि किनाऱ्यावरच्या गावांनी एकमेकांच्या मुलांना शिकविण्याची रीत, असाच हळूहळू ढासळत आहे. त्याच्या शेजारी नवा पूल मात्र अजून कोणी बांधलेला नाही. काळी नदीचे पाणी अडवून वीज काढता आली, कैग्याला अणुभट्ट्या उभ्या राहिल्या, जुने सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. राष्ट्रकार्यासाठी या खोऱ्याने द्यावयाचे ते सारे दिले. त्या बदल्यात त्याच्या लेकीने एका प्राध्यापकपदाच्या मुलाखतीचे बोलावणे वेळेवर मागितले, तर ते फार मोठे मागणे नव्हे. निवड तिची होवो वा न होवो, ते गुणांवर ठरू दे. ती कोणत्या नाक्याच्या पलीकडून आली, यावर मात्र ठरू नये.